वायरमनला खोली नाही

आमचे घरमालक बसमध्ये चढायचे ते दोन्ही पायांनी उडी मारून. वय ऐंशीच्या पुढे. आधी रस्त्यावर पाय जुळवून उभे राहायचे, हात अंगाशी धरायचे आणि मग टुणकन पायरीवर. दांड्याला हात लावायचा तो दोन्ही पाय पायरीवर टेकल्यावरच. एक पाय खाली जमिनीवर आणि एक हात वर लोखंडावर, असे ते क्षणभरही उभे राहत नसत. उतरतानाही तसंच. पंचवटीतल्या स्टँडवरचे कंडक्टर त्यांना ओळखायचे.

"बाबा, पडाल एखाद्या दिवशी. पाय मोडला तर आमच्या नावावर येईल."

"पाय मोडला तर जोडता येतो," बाबा म्हणायचे आणि आत जाऊन बसायचे. बसल्यावरही खिडकीच्या पट्टीला कोपर टेकू देत नसत.

लोक हसत. पहिल्यांदा मीही पदर तोंडावर धरून हसले होते. पुढे त्या उडीचं कारण कळलं आणि माझं हसू गेलं.

बाबांची खोली आम्हाला खोटं बोलून मिळाली. म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडपासून आत, त्यांचं बैठं घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत, मागची एक खोली भाड्याने देत. फाटकाला पुठ्ठा बांधला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'खोली भाड्याने देणे आहे', आणि खाली, 'वायरमनला नाही'. मी चौथीपर्यंत शिकले आहे, पुठ्ठ्यावरचं मला लगेच वाचता आलं. मी यांचा शर्ट मागून ओढला. यांनीही वाचलं होतं.

"मग आता?" मी हळूच विचारलं.

"गप उभी राहा," हे म्हणाले.

बाबा बाहेर आले. डावा हात पायजम्याच्या खिशात. तो हात ते बाहेर काढतच नसत, त्यामुळे मला वाटलं, बिचाऱ्यांचा हात अधू असेल.

"काय काम करतोस?"

"भाजीचा धंदा, बाबा."

"हात दाखव."

यांनी हात पुढे केले. बोटांची टोकं काळी होती.

"हे कशाचं?"

"कच्च्या केळीचा डाग. जात नाय लवकर."

बाबांनी यांच्या बोटांचा वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. "खरं बोलतोय का गं हा?"

मी मान हलवली. शब्द एकही बोलले नाही, नुसती मान हलवली. त्या दिवसापासून तीन वर्षं मी त्या माणसासमोर मान वर करून उभी राहिले नाही.

आमचे हे झिरो वायरमन होते. अजूनही आहेत. झिरो वायरमन म्हणजे ज्याला नोकरी नाही, कागद नाही, हातमोजे नाहीत. शेतात तार तुटली, डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतला, फ्यूज उडाला, तर सरकारी वायरमन येईपर्यंत पीक थांबत नाही. मग शेतकरी जवळपासच्या एखाद्या धाडसी माणसाला फोन करतात. दिंडोरीकडच्या सात-आठ गावांत तो माणूस म्हणजे आमचे हे. यांच्याआधी हे काम जो करायचा तो खांबावरच गेला. त्याला खाली उतरवायला हेच चढले होते. दुसऱ्या दिवशीपासून त्याचे फोन यांना यायला लागले.

मी घरी बसून हार करायची. सकाळी फुलबाजारातून झेंडू आणायचा, दुपारपर्यंत ओवायचा. यांचा फोन वाजला आणि हे गाडी काढून गेले, की परत गाडीचा आवाज येईपर्यंत माझी सुई झेंडूत कमी आणि बोटात जास्त शिरायची. त्यात ही दुसरी भीती. बाबांना कळलं तर खोली जाणार. दोन्ही भीती एकाच पोटात घेऊन मी बाबांना 'चहा टाकू का' विचारायची आणि मान खालीच ठेवायची.

बाबांना सगळ्या गोष्टींची खात्री स्वतः करायची असे. कुणी काही बंद आहे म्हणालं, की त्यांचा एकच प्रश्न, "कोण म्हणालं?" दुकान बंद आहे म्हटलं तरी स्वतः जाऊन शटर बघून यायचे. शेजारच्या ताई एकदा म्हणाल्या, "बाबा, आज नळाला पाणी नाही." बाबा म्हणाले, "कोण म्हणालं?" आणि नळाखाली बादली लावून तासभर बसून राहिले. पाणी आलं नाही. "आता बरोबर," म्हणाले आणि उठले.

घरातला बल्ब बदलायचा झाला तर बाबा आधी मीटरशी जायचे आणि पांढरा चिनी मातीचा फ्यूज उपसून काढायचे. मग तो स्टुलावर चढणाऱ्याच्या खिशात घालायचे. मी चढले तर माझ्या मुठीत द्यायचे.

"नुसतं बटण बंद केलं तर नाही चालणार, बाबा?"

"बटण कुणीही दाबतं. फ्यूज तुझ्यापाशी असला, की तुझा जीव तुझ्यापाशी."

दर शनिवारी ते कोरड्या फडक्याने घरातली सगळी बटणं, बोर्ड आणि बाहेरच्या तारेचे चिनी मातीचे कप पुसायचे. हे सगळं उजव्या हाताने. डावा खिशात.

"धूळ तर नाही, बाबा. कालच पुसलं मी."

"मीठ असतं."

"नाशकात मीठ कुठून येणार?"

"हवेत असतं. दिसत नाही, म्हणून नसतं का?"

मला वाटायचं, वयामुळे डोकं फिरलंय. तरी पण शनिवारी तो कोरड्या फडक्याचा आवाज आला की माझ्या अंगावर काटा यायचा. ते अगदी मन लावून पुसायचे. जणू एखादा कप राहिला तर कुणीतरी मरणार होतं.

आणखी एक. मी हार ओवत बसले की बाबा पायरीवर येऊन बसायचे आणि विचारायचे, "हा देवाला का गाडीला?" देवाला म्हटलं तर बसून राहायचे, सुटलेली फुलं एका हाताने गोळा करून द्यायचे. गाडीला म्हटलं तर उठून आत जायचे. दसऱ्याच्या आधीचे दोन दिवस तर त्यांच्या खोलीचं दार बंदच असायचं. सगळे हार गाड्यांचे.

एकदा पेपरात बातमी आली, की नाशकात तारेवर चालणारी बस सुरू होणार. रस्त्यावर खांब, खांबांवरून तारा, आणि त्या तारांखालून रबरी टायरांची बस. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांच्या हातातला कप खाली पडला. घरी येऊन मला म्हणाले, "परत आली ती."

"कोण?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. एका दमात नाही. त्या आठवड्यात रोज थोडं थोडं, मध्येच थांबून.

तरुणपणी ते समुद्राकाठच्या एका शहरात होते. त्या शहराचं नाव ते घेत नसत, नुसतं 'समुद्राकडे' म्हणत. तिथे अशाच बस सुरू झाल्या. टपावर दोन लांब दांडे, ते वरच्या दोन तारांना टेकलेले. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. पहिल्या दिवशी लोकांनी नारळ फोडले. बायका कडेवरच्या पोरांना घेऊन बसला हात लावून जात. रस्त्याकडेला मासळी वाळत घालणाऱ्या बाया तर तिला शिव्याच देत, कारण ती मागून आलेली कळायची नाही. "मांजर मेली," म्हणायच्या. वळणावर दांडा तारेवरून सुटायचा, मग कंडक्टर खाली उतरून लांब बांबूने तो परत तारेला लावायचा, आणि सगळी बस टाळ्या वाजवायची. पुढे एका रस्त्यावरून तीन रस्त्यांवर तारा गेल्या. बाबा त्या तारा सांभाळणाऱ्या टोळीत होते.

"मजेचं काम होतं?" मी विचारलं.

"भीतीचं होतं. तरुणपणी दोन्ही सारखंच वाटतं."

साध्या बसला करंट लागत नाही. या बसला लागे. टायर रबराचे, त्यामुळे कधी आतलं काही बिघडून करंट बसच्या अंगात उतरला, तरी आत बसलेल्याला कळायचंही नाही. पण चढणाऱ्याचा एक पाय जमिनीवर आणि एक हात दारातल्या दांड्यावर असला, की तो करंट त्याच्यातून जमिनीत जायचा. म्हणून त्यांच्या टोळीतले सगळे उडी मारून चढायचे. आणि तारेपाशी काम करताना एक हात नेहमी खिशात. एक हात तारेला आणि दुसरा लोखंडी खांबाला लागला, तर वाट छातीतून जाते, म्हणाले. आणि मीठ. समुद्राचा वारा खारट, तो चिनी मातीच्या कपांवर मिठाचा थर चढवायचा. दमट संध्याकाळी त्या थरावरून निळ्या ठिणग्या पळायच्या. लोक खाली उभे राहून बघायचे, आणि बाबांची टोळी वर जाऊन पुसायची.

मग काही वर्षांतच ते सगळं उतरणीला लागलं. मिठाने तारा खाल्ल्या. बाहेरून येणारे सुटे भाग येईनासे झाले. एक बस चालवायला दुसरीचे भाग काढायचे, ती चालवायला तिसरीचे. डिझेलच्या बस आल्या, त्यांना तार लागत नव्हती. तीन रस्त्यांचे दोन झाले, दोनाचा एक. लोकांनी टाळ्या वाजवणं सोडून दिलं. दांडा सुटला की उतरून चालायला लागायचे. शेवटी हुकूम आला, की बस बंद, तारा काढून घ्या.

तारा काढताना बाबा खाली बटणाशी होते आणि त्यांचा जोडीदार वर लाकडी माचावर. सकाळी साहेबाने सांगितलं होतं, लाईन कायमची बंद. बाबांनी स्वतः तपासलं होतं, बंद होती. दुपारी जोडीदाराने वरून विचारलं, "बंद आहे ना रे?" बाबा म्हणाले, "बंद आहे. धर."

त्याच वेळी पलीकडच्या डेपोत कुणाला तरी वाटलं, शेवटच्या बसला हार घालून एक शेवटची फेरी मारावी. फोटो काढावा. त्यांनी त्या टोकाकडून लाईन चालू केली. बस झेंडूचे हार घालून निघाली. इकडे जोडीदाराचा एक हात तारेवर होता आणि दुसरा खांबावर.

"तुमची काय चूक, बाबा?" मी म्हटलं.

"मी बंद आहे म्हणालो."

"सकाळी होतीच की बंद."

"हो. सकाळी होती."

एवढं बोलून ते उठले आणि फडकं घेऊन बोर्ड पुसायला लागले. त्या दिवशी शनिवार नव्हता.

त्यानंतर काही दिवस बाबांनी चहावाल्यापाशी येणाऱ्या सगळ्यांना हैराण केलं. रस्ता मोजायला कुणी माणसं आली, की बाबा बसने तिथे हजर. "तारा कोण पुसणार? आणि वर चढणाऱ्याच्या खिशात फ्यूज कोण देणार?" त्या माणसांना काही कळायचं नाही. एक जण म्हणाला, "बाबा, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं." बाबा म्हणाले, "म्हणजे बंद आहे हे तो म्हणणार."

वर्ष-दोन वर्षं गेली. खांब आले नाहीत, तारा आल्या नाहीत. चहावाला चिडवायचा, "काय बाबा, कधी येतीय तुमची बस? लग्नाला यायचंय ना तिच्या." बाबा हसायचे नाहीत. मात्र बस आली नाही म्हणून ते त्या रस्त्याकडे जसं बघायचे, तसं मी यांची गाडी दारात आली की बघायची. आजचा दिवस टळला.

मग एका सकाळी बाबा आमच्या दारात येऊन उभे राहिले. हे आंघोळीला गेले होते. बाबांच्या हातात यांची पक्कड होती. अंगणात भाजीच्या क्रेट पडल्या होत्या. खोटं खरं वाटावं म्हणून आम्ही दोन रिकाम्या क्रेट कायम ठेवायचो. पक्कड तिथेच राहिली होती.

"काय गं," बाबा म्हणाले, "भाजीवाल्याच्या पकडीला सायकलची ट्यूब कशाला गुंडाळलेली असते?"

मी त्यांचे पाय धरायला वाकले. "बाबा, कुठे जाऊ आम्ही?"

"ऊठ. मला काय आज कळलंय? केळीचा डाग आठ दिवसांत जातो. याचा तीन वर्षं गेला नाही."

"मग तुम्ही..."

"रोज वाटायचं, हा स्वतःहून सांगेल. नाही सांगत." बाबांनी पक्कड उंबऱ्यावर ठेवली. "खाली पेटीपाशी कोण बसतं याच्या?"

"कुणी नाही."

"कुणी नाही?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "फ्यूज?"

"काढून पेटीवरच ठेवतात, म्हणतात."

बाबा मटकन खाली बसले. हे बाहेर आले तेव्हा बाबा उंबऱ्यावर आणि मी रडत, असं त्यांना दिसलं. यांना वाटलं, खोली गेली. बाबा म्हणाले, "आजपासून मी येणार तुझ्याबरोबर. नाहीतर खोली खाली कर."

त्या दिवसापासून यांच्या गाडीवर मागे बाबा. डीपीपाशी पोचले की बाबा पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे, तारेला उजव्या हाताची मागची बाजू लावून बघायला यांना शिकवायचे, फ्यूज खिशात टाकायचे आणि पेटीला पाठ लावून बसायचे. फ्यूज खिशात असले तरी पेटी सोडायची नाही. कारण घाईतला शेतकरी फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा टाकून लाईन चालू करतो. असं सगळीकडेच करतात.

शेतकरी हसायचे. "वायरमन, ह्यो मारुती कुठनं आणला?" "बाबा, जेवायला तरी उठता का नाय?" एकाने तर पेटीपुढे उदबत्ती लावली. बाबांना कशाचंच काही नव्हतं. हे माझ्याशी कुरकुर करायचे, "म्हाताऱ्यापायी एका कामाला दुप्पट वेळ लागतो. लोक दुसऱ्याला बोलवायला लागतील." पण मी पाहत होते, आता माझ्या बोटांना कमी सुया लागत होत्या.

ती दुपार ऑक्टोबरातली. छाटणी होऊन द्राक्षाला नवी फूट आली होती आणि मध्येच पाऊस पडून गेला. असा पाऊस पडला, की त्याच दिवशी औषध मारावं लागतं, नाहीतर डावणीचा रोग येतो आणि घड हातचे जातात. औषधाला पाणी हवं, पाण्याला मोटर, आणि तिकडे फांदी पडून तार तुटलेली. शेतीची लाईन त्या आठवड्यात दुपारी दोनला जायची. हे सकाळीच निघून गेले होते. बाबांना दोन दिवसांचा ताप होता म्हणून यांनी त्यांना नेलं नाही. बाबा माझ्याकडे आले.

"तू चल. मला धरायला."

मी नको म्हणू शकले नाही. दिंडोरी रोडवर आलो, दिंडोरीची गाडी पकडली. तापातही त्यांनी उडीच मारली. उतरून पुढे एका टेम्पोने बांधावर पोचलो, तर पेटी उघडी, फ्यूज तिच्यावर मांडलेले आणि आसपास कुणी नाही. हे बागेच्या पलीकडे, चार-पाच खांब पुढे. मधल्या द्राक्षाच्या मांडवामुळे इथून ते दिसत नव्हते. बाबांनी फ्यूज उचलले, पेटीला टेकून बसले, आणि थोड्या वेळाने एका अंगावर कलंडले.

मी त्यांना ओढून बाभळीच्या सावलीत नेलं. तोंडावर पाणी मारलं. त्यांनी डोळे उघडले आणि फ्यूज माझ्या ओटीत टाकले.

"तू बस जा. ऐकून देऊ नको. त्याला बघून दे."

"मी? बाबा, मला लोकांशी बोलता येत नाही."

"बोलू नको. बस."

मी पेटीला पाठ लावून बसले. ऊन मी म्हणत होतं. तिन्ही फ्यूज ओटीत, त्यावर दोन्ही हात. थोड्या वेळाने बागेचा मालक आला. तिशीतला, अंगात औषधाचे डाग पडलेला शर्ट. मागे त्याचा भाऊ.

"वहिनी, झालं काम. फ्यूज द्या."

मी मान खाली घातली.

"अहो, झालं. वायरमन स्वतः म्हणाला, झालं म्हणून. मी काय खोटं बोलतोय का?"

तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मला तर आयुष्यभर पुरुष माणसाने काही सांगितलं, की ते खरं धरायची सवय. माझे हात फ्यूज द्यायला उघडलेही. मग समोर सावलीत बाबा दिसले. डोळे मिटलेले, पण माझ्याकडेच तोंड.

"मुकी हाय का काय ही?" भाऊ म्हणाला.

"म्हाताऱ्यानं शिकवून ठेवलीय. ओ वहिनी, दोन वाजता लाईन जाईल. टाकी भरली नाय तर बाग गेली माझी. तुम्ही देणार का भरून?"

त्याने खिशातून तारेचा तुकडा काढला आणि दोन पावलं पुढे आला. "सरका. परक्या बाईला हात लावायचा नाय म्हणून सांगतोय. सरका."

मी सरकले नाही. पाठ पेटीला इतकी दाबली, की पत्र्याची कड मणक्यात रुतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मला वाटलं, हा खरंच बोलत असेल तर एवढ्या माणसांची बाग माझ्यामुळे जाईल, आणि यांना या गावात पुन्हा कुणी बोलावणार नाही.

"त्यांना इथे येऊ द्या," मी म्हटलं. ते मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडलेच.

मालकाने कपाळावर हात मारला. "जा रे, घेऊन ये तिच्या नवऱ्याला. तोंड दाखव तिला एकदाचं."

भाऊ बागेत शिरला. मालक हातात तारेचा तुकडा घेऊन माझ्यासमोर येरझाऱ्या घालायला लागला. दर वळणाला मोबाईलमध्ये वेळ बघायचा. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग मांडवाखालून भाऊ पळत आला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"वर हाय तो," तो म्हणाला. "खांबावर हाय."

मालक होता तिथेच खाली बसला. तारेचा तुकडा त्याच्या हातातून गळला. "आईशप्पथ, त्यानंच सांगितलं," तो सारखं म्हणत होता. "माझ्याशी बोलला तो. खाली उभा राहून बोलला."

त्याचंही खरं होतं. हे खाली उतरले होते. 'झालं' म्हणाले होते. मालक फ्यूज लावायला निघून गेल्यावर यांना एक नट ढिला वाटला, म्हणून परत चढले होते. एवढंच.

हे आले आणि गटागट पाणी प्यायले. माझ्याकडे बघेनात. बाबा बाभळीखाली उठून बसले होते.

"कोण म्हणालं होतं झालं?" त्यांनी विचारलं.

"मीच," हे म्हणाले.

बाबांनी मान डोलावली. "हो. आपणच म्हणालेलो असतो."

मग यांनी स्वतः माझ्या ओटीतले फ्यूज घेतले आणि लावले. मोटर चालू झाली. टाकी अर्धीच भरली. मालकाने आम्हाला तिघांना आपल्या पिकअपमधून दिंडोरीच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत त्याने एकदाच मागे वळून पाहिलं आणि मला 'ताई' म्हणाला.

बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. उन्हाळ्यात गेले, घरातच, दुपारी झोपेत. मी चहा घेऊन गेले तेव्हा शेजारच्या ताई आधीच आत होत्या. म्हणाल्या, "गेले गं." मी त्यांना बाजूला सारलं आणि बाबांच्या नाकापाशी बराच वेळ हात धरून उभी राहिले. घर आता त्यांच्या पुतण्याकडे आहे. त्याने आम्हाला राहू दिलं आहे.

फोन अजून येतात. हे निघाले की मी सुई खोचते, हार टोपलीत झाकून ठेवते आणि गाडीवर मागे बसते. लोक हसतात. कुणी म्हणतं, बायकोशिवाय वायरमनला करमत नाय. मी पेटीला पाठ लावून बसते आणि जमिनीकडे बघते. यांना समोर उभं बघितल्याशिवाय उठत नाही. वाटलं होतं, सवयीने भीती जाईल. गेली नाही. कुणा शेतकऱ्याची मोटरसायकल बांधावर आली, की अजून पाठ पेटीला दाबून धरते.

परवा पेठकडच्या बाजूची एक बाई मला शोधत डीपीपाशी आली. तिचा नवराही झिरो वायरमन. माझ्यापेक्षा लहान होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत लांबच उभी राहिली.

"ताई, तुम्ही पेटीपाशी बसता म्हणं."

"बसते."

"मीबी बसू का, आमच्या ह्यांच्यासंगं? पन मला त्यातलं काय कळत नाय. आन् मानसांपुढं माज्या तोंडातनं शब्द फुटत नाय."

"भीती वाटते?" मी विचारलं.

"लय वाटती, ताई."

"मग जमेल तुला," मी म्हटलं, आणि तिला बसायला माझ्या शेजारी जागा केली.